गुडघ्याचे फोटो तीन, दुखणं मात्र खुब्यात

मागच्या डिसेंबरात, कापसाची दुसरी वेचणी चालू होती तेव्हा एक भाऊ माझ्याकडे आले, वय अडतीस, हातात कृषी केंद्राची पिवळी पिशवी आणि तिच्यात एक्स-रेचे तीन फोटो. आमच्याकडे एक्स-रेला फोटोच म्हणतात. "म्याडम, गुडघा लय दुखून राह्यला, दीड वरीस झालं, गोया खाऊ खाऊ पोट जळून राह्यलं पण गुडघा काही ऐकत नाही." तिन्ही फोटो उजव्या गुडघ्याचे, तीन वेगवेगळ्या गावी काढलेले, आणि तिन्हीत गुडघा इतका ठणठणीत की मला हेवा वाटावा. मी फिजिओथेरपिस्ट आहे, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बसते, माझ्याकडे मशीनं फार नाहीत पण एक सतरंजी आहे. म्हटलं भाऊ, गुडघा राहू द्या, आधी सतरंजीवर मांडी घालून बसून दाखवा. डावा पाय बसला, उजव्याचा गुडघा वरच राहिला, खाली जायचं नावच घेईना. मग उताणं झोपवून, गुडघा वाकवून पाय आत-बाहेर फिरवून पाहिला, तर आतल्या बाजूला फिरवल्याबरोबर त्यांनी पलंगाची कड धरली. कुठे दुखलं विचारलं तर हात गेला जांघेत.

हाडाच्या डॉक्टरकडे चिठ्ठी देऊन पाठवलं, खुब्याचा फोटो निघाला, आणि त्यात मांडीच्या हाडाचा वरचा गोल भाग चेपलेला, उकडलेलं अंडं टिचकावल्यावर कवच दबतं तसा. दीड वर्ष बाम लागत होता गुडघ्याला आणि दुखणं बसलं होतं हातभर वर.

अशी माणसं वर्षाला किती येतात ते मी मोजत नाही, पण दर हंगामात येतात, म्हणून एकदा बसून सगळं लिहूनच काढावं म्हटलं.

आधी खुबा म्हणजे नेमका कुठे ते पाहू, कारण निम्मा घोळ इथेच आहे. आपल्याकडे "कंबर दुखते" म्हणणारा माणूस पाठीच्या खालच्या मणक्यापासून ते पुठ्ठ्यापर्यंत कुठेही हात ठेवतो, आणि बाजूला हाताला जे कडक हाड लागतं ना, ज्याच्यावर आपण कुशीवर झोपतो, त्याला लोक खुबा समजतात. ते हाड खुब्याच्या शेजारचं आहे, सांधा नाही. खरा सांधा आत खोल आहे, समोरून पाहिलं तर जांघेच्या मधोमध. म्हणून सांध्याच्या आतलं दुखणं बहुतेक वेळा जांघेत येतं, आणि तिथून मांडीच्या पुढच्या बाजूने गुडघ्यात उतरतं. गुडघ्यात कशाला? तर खुब्याला ज्या नसा जातात त्यांच्याच फांद्या पुढे गुडघ्याला जातात, म्हणजे एकाच डीपीवरून दोन घरी लाईन गेलीय समजा, बिघाड पहिल्या घरात आणि बोंब दुसऱ्या घरातून. मेंदूला कळत नाही तक्रार नेमकी कोणाची. काही लोकांना तर जांघेत काहीच दुखत नाही, फक्त गुडघा, आणि तेच बिचारे तीन-तीन फोटो घेऊन फिरतात.

सांधा कसा दिसतो ते चित्रात पाहण्यापेक्षा मटणाच्या दुकानात पाहा. मी कॉलेजात शिकले ते वेगळं, पण खुबा मला खरा कळला तो पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, आमच्या गावच्या खाटकाकडे. बकऱ्याची मागची तंगडी धडापासून वेगळी करताना तो सुरीचं टोक सांध्यात घालतो, पाय थोडा पिळतो आणि "पचक" असा आवाज येऊन गोळा बाहेर येतो. तो आवाज हवा आत शिरल्याचा. सांधा इतका घट्ट बसलेला असतो की आत जवळजवळ पोकळी नसतेच, चमचाभरही नाही इतकं वंगण आणि बाकी सगळं चिकटून. बाहेर आलेला गोळा पांढराशुभ्र, ओला, काचेसारखा गुळगुळीत, बोट फिरवलं तर घसरतं, आणि ज्या खोबणीत तो होता ती वाटीसारखी, तिच्या काठाला रबरासारखी एक कडा. आपलंही अगदी तसंच आहे. शाळेच्या पुस्तकात याला उखळीचा सांधा म्हणतात आणि ते नाव मला फार आवडतं, कारण उखळात मुसळ कसंही फिरतं, तसा पाय पुढे, मागे, बाजूला, गोल, सगळीकडे फिरतो.

तो पांढरा काचेसारखा थर म्हणजे कूर्चा. तिच्यात रक्त नाही आणि नसाही नाहीत. म्हणून ती झिजत असताना दुखत नाही, दुखायला लागतं ते खालचं हाड उघडं पडायला लागल्यावर किंवा सांध्याचं अस्तर सुजल्यावर, आणि रक्तच नसल्यामुळे झिजलेली कूर्चा कातडीवरच्या जखमेसारखी भरून येत नाही. "कूर्चा वाढवणारी" पावडर विकणारे लोक गावात येतात तेव्हा एवढंच लक्षात ठेवा.

आता या सांध्यावर भार किती येतो ते ऐका. समजा बाईचं वजन साठ किलो. दोन्ही पायावर उभी असेल तर फार काही नाही. पण चालताना प्रत्येक पावलाला आपण क्षणभर एकाच पायावर असतो, आणि त्या क्षणी त्या एका खुब्यावर वजनाच्या अडीच ते तीन पट दाब येतो, म्हणजे दीडशे ते एकशे ऐंशी किलो. सोयाबीनची दोन-तीन पोती. हे कसं? एक पाय उचलला की कंबर त्या बाजूला खाली पडायला पाहते, तिला पडू न देण्यासाठी उभ्या पायाच्या बाहेरच्या बाजूचा स्नायू, पुठ्ठ्याच्या वरच्या अंगाचा, कंबरेचं हाड आपल्याकडे ओढून धरतो, मंडपाच्या खांबाला दोरीचा तणावा असतो तसा. पण हा स्नायू सांध्याच्या अगदी जवळ आणि शरीराचा भार त्याच्या दुप्पट लांब, तराजूची दांडी एका बाजूला आखूड असली की त्या बाजूला जास्त माप टाकावं लागतं ना, तसं त्याला वजनाच्या दुप्पट जोर लावावा लागतो. आणि मधल्या गोळ्यावर दोघांचाही भार येतो, शरीराचाही आणि स्नायूच्या ओढीचाही.

हा तणावा सैल पडला की माणूस डुलत चालतो, दुखऱ्या पायावर भार आला की सगळं अंग त्या बाजूला कलतं. ट्रेंडेलेनबर्ग नावाच्या एका जर्मन सर्जननं १८९५ मध्ये हे नीट मांडलं, एका पायावर उभं करून मागून पाहायचं की उचललेल्या बाजूची कंबर खाली पडते का. आजही मी तेच करते. बसस्टँडवर पिशवी घेऊन उभी असते तेव्हा लोकांची चाल पाहून यांचा खुबा गेला, यांचा गुडघा, असं मनातल्या मनात चालू असतं, वाईट सवय आहे पण जात नाही.

मग दुखणं ओळखायचं कसं? मी पहिला प्रश्न "कुठे दुखते" असा विचारतच नाही, मी म्हणते "हात ठेवून दाखवा" आणि हाताकडे पाहते. आतून खुबा दुखणारा माणूस बहुतेक वेळा अंगठा मागे आणि चार बोटं पुढे जांघेत अशी कंबर पकडतो, खेकड्याच्या नांगीसारखी. एका बोटानं बाहेरचं कडक हाड दाखवणारा वेगळा. आणि पूर्ण तळवा पुठ्ठ्यावर ठेवून तो खाली पोटरीपर्यंत ओढत नेणारा वेगळा, हा बहुतेक वेळा कमरेच्या मणक्याचा पेशंट, मणक्यातून निघणारी नस दबलेली असते, झणझणतं, पाय बधिर होतो, खोकला-शिंक आली की कळ पायात जाते. खुब्याचं दुखणं सहसा गुडघ्याच्या फार खाली जात नाही, नसेचं तळव्यापर्यंत जातं. हे गणित शंभर टक्के नाही, एकाच माणसाला मणका आणि खुबा दोन्हीही असू शकतं, पण सुरुवात कुठून करायची ते कळतं.

बाहेरच्या बाजूचं दुखणं चाळीस ते साठ वयाच्या बायांमध्ये खूप. त्या कुशीवर झोपता येत नाही, जिना चढताना, खूप वेळ बसून उठताना कळ येते, हाडावर बोट दाबलं की "आई गं". इथे सांधा चांगला असतो, त्या हाडाला चिकटणारे स्नायूंचे पट्टे दुखावलेले असतात. हे ऑपरेशनचं दुखणं नाही, व्यायामानं हळूहळू सुटतं, पण दोन-तीन महिने लागतात आणि आमच्या बाया दोन आठवड्यांत विचारतात "अजून कसं नाही राह्यलं?". तसंच आणखी एक, मांडीच्या बाहेरच्या बाजूला चटका लागल्यासारखी जळजळ आणि कातडी बधिर, हे तर खुब्याचंही नाही, जांघेतून जाणारी एक कातडीची नस दाबली जाते, परकराची नाडी करकचून बांधणं, कमरेला कापसाचं फडकं दिवसभर, घट्ट बेल्ट, वाढलेलं पोट. एका बाईला मी फक्त नाडी सैल बांधायला सांगितली आणि फडकं कमरेऐवजी खांद्याला अडकवायला, आठ-दहा दिवसांत बरंच कमी झालं. ती बाई मला अजून फार मोठी डॉक्टर समजते.

आता जांघेतलं. सांध्याच्या आतल्या दुखण्याची पहिली खूण बऱ्याचदा दुखणं नसतेच, आखडणं असतं. पायाचं नख कापता येत नाही, मोटारसायकलवर टांग टाकताना पाय अडतो, मांडी घालून जेवायला बसता येत नाही, शेतात निंदायला बसलं की एक पाय लांब करूनच बसावं लागतं. लोक याला वय म्हणून सोडून देतात. साठीनंतर झीज असू शकते, खरं आहे, पण आपल्याकडे गुडघ्याची झीज जितकी दिसते तितकी खुब्याची दिसत नाही, म्हणून तीस-चाळीस वर्षांच्या माणसाचा खुबा आखडला तर "झीज असेल" म्हणून गप्प बसू नका, तिथे मला दुसरीच शंका येते.

ती शंका म्हणजे एव्हीएन, अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस. सोपं करून सांगते. त्या गोळ्याला रक्त वरून मिळत नाही, खालून, हाडाच्या मानेवरून चढत जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांतून मिळतं, म्हणजे गोळा हा कॅनॉलच्या टेलवरचा, अगदी शेवटच्या टोकाचा शेतकरी आहे. वर कुठे पाणी अडलं की पहिला सुकतो तो टेलवाला. रक्त बंद झालं की हाड आतून मरतं, मेलेलं हाड काही काळ तसंच उभं राहतं, आणि मग रोजच्या दीड क्विंटलच्या दाबाखाली एक दिवस चेपतं. सुरुवातीला साध्या फोटोत काहीच दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतं. हाच मोठा धोका आहे, "फोटो नॉर्मल आहे" म्हणून माणूस घरी जातो. चेपायच्या आधी सापडलं तर हाडात भोक पाडून आतला दाब कमी करणं वगैरे उपाय करता येतात, चेपल्यावर ते राहत नाही. आणि एका बाजूला सापडलं तर दुसरी बाजूही तपासायची, खूपदा दोन्हीकडे असतं.

पाणी अडतं कशानं? एक, दारू, मोहाची असो की देशी असो की बाटलीतली महागडी असो, हाडाला ब्रँड कळत नाही. दोन, स्टेरॉइड. स्टेरॉइड हे वाईट औषध नाही, दम्यात, काही वातात, गंभीर आजारात ते जीव वाचवतं, २०२१ च्या कोरोनाच्या लाटेत कित्येक जण त्यानं वाचले, आणि त्यातल्या काहींचा खुबा नंतर गेला हेही डॉक्टरांनी पाहिलं. डॉक्टरनं लिहून दिलेलं स्टेरॉइड एकदम बंद करू नका, त्यानंही जीवावर बेततं. माझं भांडण आहे ते कागदाच्या पुडीशी. आठवडी बाजारात, एसटी स्टँडच्या मागे, कोणीतरी "जडीबुटी" म्हणून पुडी देतो, दोन दिवसांत सगळे सांधे मोकळे, भूक वाढते, तोंड भरून येतं, लोक म्हणतात तब्येत सुधारली. नाव नसलेल्या अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. वर सांगितलेले भाऊ तीन वर्षं, दर सोंगणीच्या आणि वेचणीच्या हंगामात अशी पुडी खात होते, हे त्यांनी मला चौथ्या भेटीत सांगितलं, तेही बायको बाहेर गेल्यावर.

तिसरं कारण आपल्या विदर्भाचं जास्त, सिकलसेल. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, मेळघाट, आणि आमच्या यवतमाळातही. लाल रक्तपेशी एरवी गोल, मऊ, बारीक नळीतूनही वाकून निघून जाणाऱ्या, पण या आजारात त्या विळ्यासारख्या वाकड्या आणि कडक होतात, नळीत अडकतात, आणि टेलवरच्या गोळ्याचं पाणी पुन्हा पुन्हा तुटतं. म्हणून सिकलसेल असलेल्या विशी-पंचविशीतल्या पोरा-पोरीच्या जांघेत दुखलं तर ते "नेहमीचं दुखणं" म्हणून सोडू नये, खुबा तपासून घ्यावा. आई आणि बाप दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. वाहकाला स्वतःला सहसा त्रास नसतो, म्हणून त्याला माहीतच नसतं. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झालं, २०४७ पर्यंतचं उद्दिष्ट आहे, तेव्हापासून तपासणी वाढली आहे. लग्न जमवताना कुंडली काढतोच आपण, सोबत सिकलसेल तपासणीचं हे एक कार्डही पाहिलं तर काय बिघडते? आणि हो, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आजाराचं नाव आहे, त्याचं प्रमाणपत्र निघू शकतं, पुष्कळ जणांना हे ठाऊकच नसतं.

जांघेतल्या दुखण्याची बाकीची कारणं पटकन. तरुण पोरगा, सकाळी उठल्यावर पाठ आणि खुबा तासभर आखडलेला, फिरलं की बरं वाटतं आणि बसलं की पुन्हा आखडतं, हा मणक्याच्या वाताचा प्रकार असू शकतो, वाताच्या डॉक्टरला दाखवा. संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं, रात्री झोपेत कळ येऊन ओरडणं, असं असेल तर सांध्याचा टीबी मनात ठेवा, टीबी फक्त छातीतच होतो असं नाही, औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं पण ते महिनोन्महिने चुकवायचं नाही. आणि जांघेत फुगा येत असेल, खोकलल्यावर मोठा होत असेल, तर तो हर्निया, सर्जनकडे जा.

पोरांचं वेगळं आहे. लंगडणारं पोर "नाटक करते" असं म्हणू नका, शाळेत जायच्या वेळीच लंगडत असलं तरी. चार ते आठ वर्षांच्या लेकरांमध्ये, मुलींपेक्षा मुलांत जास्त, त्याच गोळ्याचं रक्त काही काळ तुटतं, त्याला पर्थेस म्हणतात, आणि तेही पोर गुडघाच दाखवतं. सर्दी-तापानंतर आठ-दहा दिवस खुबा दुखून आपोआप बरा होणं हेही असतं. पण ताप चढलेला आहे, पोर पाय हलवू देत नाही, डायपर किंवा चड्डी बदलतानाही किंचाळते, असं असेल तर सांध्यात पू झालेला असू शकतो, आणि तिथे उद्या सकाळची वाट पाहायची नाही, त्याच रात्री निघायचं. तान्ह्या बाळाचं सांगायचं तर काहींचा गोळा जन्मतःच खोबणीत नीट बसलेला नसतो, आणि पाय सरळ करून गच्च गुंडाळून ठेवलं तर ते वाढतं. बाळाला गुंडाळा, थंडी आहे, पण पाय आत बेडकासारखे वाकलेले-फाकलेले राहतील इतकं सैल गुंडाळा. आपल्या आज्या लेकराला कडेवर पाय फाकवून घेतात ना, ते त्याच्या खुब्यासाठी अगदी बरोबर आहे.

आणि आता माझ्या आजीचं, जे लिहायला मला जड जातं. २००९ चा भाद्रपद, अंगणात शेवाळ, न्हाणीतून बाहेर येताना ती घसरली, फार उंचावरून नाही, उभ्या उभ्या. उचलून बाजेवर टाकली. मी तेव्हा बारावीत होते आणि मला आजही तिचा पाय दिसतो, डाव्या पायापेक्षा उजवा बोटभर आखूड आणि तळवा पूर्ण बाहेर वळलेला, जणू कोणी पाय स्क्रूसारखा फिरवून ठेवलाय. हेच मांडीच्या हाडाची मान मोडल्याचं चित्र आहे, आज दारातून पाहिलं तरी ओळखीन. शेजारच्या गावचा एक चोळणारा आणला, तो म्हणाला "मोडलं नाही, लचकलं", आणि अकरा दिवस तेल लावून तो पाय ओढत होता. अकराव्या दिवशी पाठीला जखम झालेली दिसली, झोपून झोपून झालेली. मग दवाखाना. दिवाळीनंतर ती गेली. खुब्याच्या मोडलेल्या हाडापेक्षा त्याच्यामुळे आलेलं झोपणं म्हाताऱ्या माणसाला मारतं, छातीत कफ साचतो, पाठीला जखमा होतात, पायात रक्ताच्या गाठी होतात. म्हणून आता एक-दोन दिवसांत ऑपरेशन करून, पायावर उभं करायची घाई करतात, आणि "या वयात कशाला ऑपरेशन" हा प्रश्न उलटा आहे, या वयात झोपून ठेवणं जास्त धोक्याचं.

घरात कोणी असं पडलं तर चालवून पाहू नका, ओढू नका, चोळू नका. दोन्ही पायांच्या मध्ये उशी ठेवून पाय एकमेकांना धोतराच्या पट्टीनं हलके बांधा, बाजेसकट उचला, १०८ ला फोन लावा. आणि एक सांगते, कधीकधी मोडलेलं हाड एकमेकांत रुतून बसतं आणि म्हातारी लंगडत का होईना चालते, म्हणून "चालते म्हणजे मोडलं नाही" हेही खरं नाही. पडल्यानंतर जांघेत दुखतंय म्हणजे फोटो, बस. एवढ्याशा पडण्यानं हाड मोडतं कारण पाळी गेल्यावर बायांची हाडं भुसभुशीत होत जातात, आणि ज्यांची गर्भाची पिशवी लवकर काढली आणि सोबत अंडाशयंही काढली त्यांची आणखी लवकर. आमच्या भागात पस्तिशीत पिशवी काढलेल्या बाया कमी नाहीत, त्यांनी हाडांची तपासणी करायचं डॉक्टरला स्वतःहून विचारावं. बाकी न्हाणीत खरबरीत फरशी, भिंतीला पाईपचा दांडा, रात्री एक बल्ब, हा खर्च हजार-दोन हजारांचा आहे.

सांधा बदलायचा म्हटलं की लोक घाबरतात, खरं तर हाडांच्या ऑपरेशनांमध्ये लोकांना सर्वात जास्त सुख देणारं हे एक आहे असं मी माझ्या पेशंटवरून म्हणते. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली नावाच्या सर्जननं आधी टेफ्लॉनची वाटी वापरून पाहिली, ती भराभर झिजली, सगळं फसलं, बसवलेले सांधे पुन्हा काढावे लागले. मग १९६२ मध्ये स्टीलचा छोटा गोळा आणि पॉलिथिनची वाटी असा जोड बसवला आणि तो टिकला, आजचे सांधे त्याच कल्पनेचे वंशज आहेत. पण आमच्याकडे येणारा पहिला प्रश्न किती वर्षं टिकेल हा नसतोच, प्रश्न असतो "म्याडम, उकिडवं बसता येईन का?". खरं उत्तर, सुरुवातीचे काही आठवडे तर अजिबात नाही, खूप वाकल्यानं किंवा पायावर पाय टाकल्यानं नवा गोळा वाटीतून निसटू शकतो, आणि पुढेही सर्जनला विचारूनच. म्हणजे ऑपरेशनच्या आधी घरात कमोडची खुर्ची आणि उंच पलंग आणून ठेवा, आल्यावर धावपळ नको. पैशाचं म्हणाल तर रेशनकार्ड आणि आधार घेऊन महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राला भेटा, तो नेमकं कोणतं ऑपरेशन बसतं ते सांगतो. सेवाग्राम, नागपूरचं मेडिकल, यवतमाळचं मेडिकल कॉलेज, आमच्याकडचे लोक इथे जातात. मी त्या भाऊंनाही तिकडेच पाठवलं. उन्हाळ्यात उजवा खुबा बदलला, डावा अजून चेपलेला नाही पण लक्ष ठेवून आहेत.

ते आता काठी घेऊन येतात, आणि पहिल्या दिवशी त्यांनीही तीच चूक केली जी सगळेच करतात. काठी उजव्या हातात, कारण उजवा पाय दुखतो. म्हटलं भाऊ, काठी डाव्या हातात, बऱ्या बाजूला. ते पाहतच राहिले, "उलटंच सांगून राह्यल्या तुम्ही". वरचा तणावा आठवा. उजव्या पायावर उभं असताना कंबर डावीकडे पडायला पाहते, तर डावीकडून काठीनं टेकू दिला की उजव्या स्नायूला कमी ओढावं लागतं, आणि त्याची ओढ कमी झाली की गोळ्यावरचा दाब कमी. काठी आणि दुखरा पाय एकाच वेळी पुढे टाकायचा. आणि ओझं मात्र दुखऱ्या बाजूच्याच हातात घ्यायचं, म्हणजे उजवा खुबा दुखत असेल तर पाण्याची बादली उजव्या हातात, कारण डाव्या हातातली बादली कंबरेला आणखी डावीकडे ओढते आणि उजव्या खुब्याचा भार वाढवते. विश्वास बसत नसेल तर अंगणात पाच पावलं इकडून, पाच पावलं तिकडून चालून पाहा. काठीची उंची, हात खाली सोडला की मनगटाच्या रेषेपर्यंत, त्याहून उंच बांबू ऐटीत दिसतो पण कामाचा नाही. आणि खाली रबरी बूच लावा, दहा-वीस रुपयांना मिळतं, शहाबादी फरशीवर नुसता बांबू घसरतो. भाऊंनी त्याऐवजी जुन्या टायरचा तुकडा खिळ्यानं ठोकलाय. तोही चांगला धरतो, फक्त खिळ्याचं डोकं वर आलं की पुन्हा ठोकून घ्यायचं.